ज्वारीच्या दाण्याएवढं औषध

दिवाळीला भाची अमेरिकेहून, न्यू जर्सीहून आली होती. परतायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मामा, जरा मेडिकलपर्यंत चला ना. पंप घ्यायचेत." तिला लहानपणापासून दमा. आमच्या मंठ्याच्या स्टँडजवळच्या मेडिकलवर तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि सॅल्ब्युटामॉलचे तीन पंप घेतले. एका पंपाला दोनशे रुपयेसुद्धा पडले नाहीत. मी विचारलं, इतक्या लांब इथून कशाला ओझं न्यायचं? ती म्हणाली, तिकडे विम्याचं वर्ष नव्याने सुरू झालं की आधी आपल्याच खिशातून भरावं लागतं, तेव्हा ह्याच औषधाला पन्नास-साठ डॉलर मोजलेत मी. म्हणजे एका पंपाला चार-पाच हजार रुपये.

त्या रात्री मला झोप येईना. पंपाच्या डबीवर छापलेलं मी पुन्हा वाचलं. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध, आणि डबीत २०० फवारे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर अख्ख्या डबीत औषध भरतं फक्त २० मिलिग्रॅम. मग ज्वारीच्या डब्यातून एक दाणा काढून तळहातावर ठेवला. आपल्या रब्बीच्या टपोऱ्या ज्वारीचे हजार दाणे साधारण तीस ग्रॅमच्या पुढे भरतात, म्हणजे एक दाणा तीस मिलिग्रॅमच्या वरच. भाचीच्या छातीतली घरघर कित्येक आठवडे थोपवून धरणारं सगळं औषध ज्वारीच्या एका दाण्यापेक्षा हलकं होतं! आणि त्याच औषधाची किंमत मंठ्यात दोनशे, न्यू जर्सीत पाच हजार. औषध तेच, आजार तोच, माणूसही तोच. विमान एक सीमा ओलांडतं तेवढ्यात एवढं काय बदलतं?

या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी पंपाचीच गोष्ट. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा दम्याचं औषध काचेच्या नळीत घालून रबराचा फुगा दाबत ओढावं लागे. मुलीने वडिलांना विचारलं, माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं फवाऱ्याच्या डबीत का मिळत नाही? त्या प्रश्नातून १९५६ साली पहिला पंप बाजारात आला. त्यात भरण्याजोगं खरं गुणी औषध आलं पुढच्या दशकात. इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या चमूने सॅल्ब्युटामॉल तयार केलं आणि १९६९ मध्ये ते विकायला आलं. हे औषध श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि हृदयाला फारसं छेडत नाही. आधीच्या औषधांना हेच जमत नव्हतं.

म्हणजे त्या दाण्याएवढ्या औषधाला दोन किमती असतात. एक शोधाची, दुसरी बनवण्याची. शोधाला वर्षं लागतात, पैसा लागतो, अनेक रेणू वाया जातात. शोध लागल्यावर मात्र वीस मिलिग्रॅम बनवायला फार थोडा खर्च येतो. शोधणाऱ्याची मेहनत भरून निघावी म्हणून कायदा त्याला ठरावीक वर्षं एकट्यालाच विकू देतो. हेच पेटंट. मुदत संपली की ते ज्ञान सगळ्यांचं होतं आणि कुणीही चांगला कारखानदार ते औषध बनवू शकतो. सॅल्ब्युटामॉलची मुदत कधीच संपली आहे. एकेकाळी अमेरिकेतही त्याचा साधा पंप पंधरा डॉलरच्या आसपास मिळायचा.

मग तो महागला कसा? उत्तर आकाशात सापडलं. पंपातून औषध बाहेर फेकायला आत दाबाखाली एक वायू असतो. पूर्वी तो सीएफसी होता, ओझोनच्या थराला भोकं पाडणारा. १९८७च्या मॉन्ट्रियल कराराने जगाने तो सोडायचं ठरवलं, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत ३१ डिसेंबर २००८ नंतर सॅल्ब्युटामॉलचे सीएफसीवाले पंप बंद झाले. पण नव्या वायूच्या पंपांवर, त्यांच्या झडपांवर आणि मिश्रणांवर कंपन्यांची नवी पेटंटं होती. स्वस्त पंप गेले, महाग तेवढे उरले. चाळीस वर्षांपूर्वीचं औषध पुन्हा नव्याच्या भावाने विकलं जाऊ लागलं. भारतातल्या पंपांतूनही पुढे सीएफसी गेला, पण आपल्याकडे किंमत अशी उसळली नाही, कारण इथे ते बनवणारे अनेक होते. त्यातली सगळ्यात मोठी कंपनी मुंबईची सिप्ला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये त्याच सिप्लाच्या सॅल्ब्युटामॉल पंपाला तिकडे विकायची परवानगी दिली. भाची जे बॅगेतून नेत होती ते आता सरळ दाराने जायला लागलं. पुढे २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनीही तिकडे पंपासाठी रुग्णाच्या खिशातून महिन्याला ३५ डॉलरच्या वर घेणार नाही असं जाहीर केलं.

आपल्याकडे 'अनेक बनवणारे' आले कुठून? हे आपोआप झालेलं नाही, आणि मला या सगळ्यात अधिक थक्क करणारा भाग हाच वाटतो.

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे इंग्रजांचा १९११चा पेटंट कायदाच चालू होता. औषधांचा धंदा बव्हंशी परदेशी कंपन्यांच्या हातात. १९६०च्या आसपास अमेरिकी सिनेटची केफॉव्हर समिती औषधांच्या किमती तपासत होती. तिने नोंदवलं की औषधांच्या भावात भारत जगातल्या सगळ्यात महागड्या देशांपैकी एक आहे. ज्या देशात माणसाच्या दिवसाच्या मजुरीत दोन वेळचं जेवण भागत नव्हतं, त्या देशात! १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्यावर अहवाल दिला, त्याच्या आधारे १९७०चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

त्यातली युक्ती धपाट्याच्या उदाहरणाने सांगतो. समजा, कुणी धपाटं शोधून काढलं. एका कायद्यात धपाटं या पदार्थावरच त्याचा हक्क असतो. मग तुम्ही ते तव्यावर भाजा की चुलीच्या निखाऱ्यावर, परवानगीशिवाय करताच येत नाही. दुसऱ्या कायद्यात हक्क फक्त त्याच्या करण्याच्या रीतीवर असतो. तुम्ही वेगळ्या रीतीने धपाटं केलं, तर ते तुमचं. १९७०च्या कायद्याने औषधांसाठी हा दुसरा नियम धरला, आणि रीतीवरचा हक्कही पाच-सात वर्षांपुरताच ठेवला. आता प्रश्न उरला फक्त दुसरी रीत शोधण्याचा, आणि रसायनशास्त्रात आपली पोरं हुशार होती. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पेनिसिलिन बनवायच्या मागे लागली होती, मुंबईत १९३५ पासून ख्वाजा अब्दुल हमीद यांची सिप्ला होती. एका कायद्याने या सगळ्यांच्या हातातली बेडी काढली. तीसेक वर्षांत महागड्या औषधांचा देश स्वस्त औषधांचा देश झाला. आज जगात वापरल्या जाणाऱ्या जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीशिवाय इतरांनी बनवलेल्या, औषधांपैकी साधारण वीस टक्के भारतातून जातात.

हे सगळं मंठ्यापासून दूरचं वाटत असेल तर जालन्याची एस.टी. पकडा आणि तशीच पुढे छत्रपती संभाजीनगरला जा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या तिथल्या औद्योगिक वसाहती. क्षयाच्या औषधांसाठी जगभर नाव असलेल्या ल्युपिनचा कारखाना तिथे आहे. वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, तेही संभाजीनगरच्याच प्रकल्पातलं. यीस्टच्या पेशींना माणसाच्या इन्सुलिनचा पाठ शिकवायचा आणि त्यांच्याकडून ते बनवून घ्यायचं, असं ते काम. हे तंत्र येण्याआधी कित्येक वर्षं इन्सुलिन डुकराच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढत. आपल्या शिवारातली कापसाची गाडी पोचू शकेल इतक्याच अंतरावर हा चमत्कार रोज घडतो आणि त्याचे खोके जगाच्या टोकाला जातात.

इन्सुलिनवरून आठवलं. त्याचा शोध १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत लागला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं, का तर ते कुणी अडवून ठेवू नये. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतले मधुमेही बस करून त्याच कॅनडात इन्सुलिन आणायला गेले, कारण सीमेपलीकडच्या मेडिकलमध्ये ते साधारण दहाव्या हिश्शात मिळत होतं. कॅनडात पेटंट असलेल्या औषधांच्या किमतीवर १९८७ पासून सरकारी मंडळाची नजर असते, अमेरिकेत तशी नव्हती. शिवाय अमेरिकेत १९८७च्या एका कायद्याने तिथेच बनलेलं औषध परदेशातून परत आणायचा हक्क फक्त बनवणाऱ्या कंपनीला दिला. फ्लोरिडा राज्याला कॅनडातून औषधं आणायची परवानगी मिळायला जानेवारी २०२४ उजाडला. एकट्या माणसाने स्वतःपुरतं, साधारण तीन महिन्यांचं औषध बरोबर नेलं तर तिथले अधिकारी बहुधा अडवत नाहीत. भाचीच्या बॅगेतले तीन पंप त्याच मोकळिकीत बसत होते.

सीमा ओलांडली की भाव बदलतो, ही गोष्ट मंठ्याला नवी वाटायला नको. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि तिकडे लोणार वऱ्हाडात, जे १९४७ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होतं. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. सीमा ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, बसायची. जुन्या माणसांना ठाऊक होतं की त्याच ओढ्याचं पाणी पिणाऱ्या दोन गावांत एकाच वस्तूचे दोन दर असतात, कारण दर वस्तूत नसतो, नाक्यावर ठरतो. औषधाचं तेच आहे. फरक एवढाच की कापड महाग झालं तर माणूस जुनं नेसतो. औषध महाग झालं तर तो मरतो.

म्हणून तर लोक जिवावर उदार होऊन सीमा ओलांडतात. चीनमधल्या लू योंग यांना २००२ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. ग्लिव्हेक ही गोळी त्यांना जगवत होती, पण महिन्याला तिला २३ हजार युआनच्या वर लागत. घर रिकामं होऊ लागलं तेव्हा त्यांना भारतात बनणारी त्याच औषधाची स्वस्त गोळी सापडली. ती त्यांनी स्वतः घेतली आणि शेकडो रुग्णांना मिळवून दिली. पुढे तिचा भाव २०० युआनपर्यंत उतरला. चीनमध्ये त्या गोळीला मान्यता नव्हती, म्हणून त्यांना अटक झाली. त्यांनी वाचवलेल्या रुग्णांनीच सह्या करून त्यांच्या सुटकेची मागणी केली आणि २०१५ मध्ये ते सुटले. २०१८ मध्ये त्यांच्या गोष्टीवर आधारलेला सिनेमा चीनमध्ये तुफान चालला. हैदराबादच्या एका कंपनीत बनलेली गोळी हजारो कोसांवरच्या माणसाचा श्वास चालू ठेवते, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आफ्रिकेत तर हे लाखोंच्या पटीत घडलं. एड्सवरच्या तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी! त्यानंतर 'गरीब देशांत हे शक्यच नाही' असं म्हणायची सोय कुणालाच उरली नाही.

२००५ पासून जागतिक व्यापार करारामुळे आपणही धपाट्यावरच हक्क देणारा कायदा स्वीकारला. तरी संसदेने त्यात कलम ३(घ) घातलं. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून, गुण वाढल्याचं सिद्ध न करता, नवं पेटंट मिळणार नाही, असं ते सांगतं. याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकच्या पेटंटचा दावा फेटाळला. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांच्या बाजूने उभी होती. त्याच्या आदल्या वर्षी, ९ मार्च २०१२ ला, मुंबईहून पेटंट नियंत्रकांनी मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं सोराफेनिब बनवायचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय बनवायची मुभा, नॅटको कंपनीला दिली. महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आला. हे आकडे मी तीनदा वाचून खात्री केली.

पण स्वस्त म्हटलं की मनात शंका येते, आणि ती यायलाच हवी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सगळी साखळी उघडी पाडली. २०१३ मध्ये अमेरिकेने वोखार्टच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या औषधांवर बंदी घातली, कारण तपासनीसांना तिथल्या कामात त्रुटी दिसल्या. म्हणून चांगलं जेनेरिक ओळखायची शास्त्रीय परीक्षा असते. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी आणि एकदा जेनेरिक गोळी देतात, ठरावीक वेळाने रक्त काढतात, आणि औषध रक्तात कसं चढलं, कसं उतरलं याचा आलेख काढतात. दोन्ही आलेख जवळजवळ एकावर एक बसले तरच गोळी पास. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांसाठी आपल्याकडे २०१७ पासून ही परीक्षा सक्तीची आहे. पास झालेली गोळी स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाची ठरत नाही. मुळात कस तपासणीत लागतो, भावात नाही.

आता खरं सांगतो, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच एका सीमेने. ती अमेरिकेत नाही. ती मंठ्याच्या मेडिकलच्या काउंटरवर आहे.

भाचीचे पंप बांधून होईपर्यंत शेजारी एक म्हातारे बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या घेत होते. महिन्याच्या गोळ्यांचे पैसे त्यांनी धोतराच्या कनवटीतून मोजून काढले. बाहेर पडताना मी मेडिकलवाल्याला विचारलं, हेच औषध दुसऱ्या नावाने स्वस्त आहे का? तो म्हणाला, "आहे की. पण चिठ्ठीवर जे नाव, तेच द्यावं लागतं आम्हाला." तो खरं बोलत होता. औषधांच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड दुकानदाराला परस्पर देता येत नाही. एकाच औषधाचे आपल्याकडे कितीतरी ब्रँड, कधी तर एकाच कंपनीचे दोन, आणि त्यांच्या भावात कित्येक पटींचं अंतर. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देतं, पण ती ठरते बाजारातल्या ब्रँडच्या भावांच्या सरासरीवर आणि वर दुकानदाराचे सोळा टक्के. महागड्यांची सरासरी कितीशी खाली येणार? आणि काही जेनेरिक औषधांचं असं की दुकानदाराला ती फार स्वस्त पडतात, पण पाकिटावरची एमआरपी ब्रँडच्या जवळपास छापलेली असते. रुग्णाने विचारलं नाही तर फायदा मधल्या मध्ये राहतो.

डॉक्टरांनी औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक, नावच लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला काढला आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, स्थगित केला. दर्जाची खात्री आधी द्या, असं डॉक्टरांच्या संघटना म्हणाल्या. हे म्हणणं वावगं नाही. पण त्याचं उत्तर तपासणी वाढवणं हे आहे. म्हाताऱ्यांच्या कनवटीवर ओझं ठेवून देणं हे उत्तर होऊच शकत नाही.

एक सोय मात्र आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतलं पहिलं जन औषधी दुकान उघडलं. आता देशात अशी पंधरा हजारांच्या वर केंद्रं आहेत आणि तिथली औषधं ब्रँडपेक्षा निम्म्याहून कमी भावात मिळतात. जवळचं केंद्र 'जनऔषधी सुगम' या ॲपवर सापडतं, तिथल्या औषधांचे भावही दिसतात. ज्या देशाची गोळी आणायला चीनचा माणूस तुरुंगात जायला तयार झाला, त्या देशातल्या माणसाला तीच गोळी आपल्या तालुक्यात महाग पडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. सप्टेंबर २०१८ पासून नियम आहे की बहुतेक औषधांच्या पाकिटावर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन आकारांनी मोठ्या अक्षरांत छापायचं. ते मोठं नाव आपण वाचतच नाही, ब्रँडचंच नाव लक्षात ठेवतो. तेव्हा आज घरातल्या गोळ्यांचं पान उलटून पाहा. ते मोठ्या अक्षरांतलं नाव आणि किती मिलिग्रॅम, एवढं एका कागदावर उतरवून घ्या. परस्पर गोळी बदलू नका. पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ म्हणा, "डॉक्टरसाहेब, ह्याच नावाने लिहून द्या." घरात कुणी वयस्कर असेल तर त्यांच्यासाठी हा कागद तुम्ही लिहा.